वजनाची नोंद चुकीची

बुधवारी सकाळी पावणेअकराला बारक्याने रद्दीचा ढीग उघडला, तेव्हा तो वैतागलेला होता. ढीग कागदांचा नव्हता. संगणकातला एक कप्पा होता, त्यात सदोष ठरवलेली बारा चित्रं पडून होती आणि महिनाअखेर आली की ती निकालात काढायची असा संस्थेचा नियम होता. सदोष चित्रांतही पोटाची चरबी मोजता येई आणि ती मोजणी दुसरे एक गृहस्थ करत. सगळी संस्था त्यांना तोंडावर ‘चरबीवाले’ म्हणे आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. ते गुडघा बदलायला रजेवर गेले आणि त्यांचं काम बारक्याच्या गळ्यात पडलं.

बारक्या हे नाव थोरल्या बहिणीने ठेवलेलं. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा आणि नव्वद किलोंचा होता, पण ताईच्या लेखी बारक्या तो बारक्याच.

त्याचं स्वतःचं काम धमन्यांचं. अभ्यासात भाग घेणाऱ्या माणसाला किंचित किरणोत्सारी साखर टोचायची, तासभर स्वस्थ निजवायचं आणि मग यंत्रात घालून चित्र काढायचं. शरीरात जिथे सूज धुमसत असते तिथल्या पेशी हावरटासारखी साखर खातात, म्हणून ती जागा चित्रात उजळते. धमन्यांच्या भिंती किती उजळतात आणि पोटातल्या चरबीशी त्याचं काही नातं आहे का, हे संस्थेला शोधायचं होतं. बारक्याच्या पडद्यावर गळ्यातली आणि छातीतली धमनी काकडीच्या चकत्यांसारखी कापून येई. प्रत्येक चकतीवर त्याने गोल काढायचा, आतला उजळपणा मोजायचा, पुढच्या चकतीवर जायचं. चित्र कुणाचं ते मोजणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून बाकी सगळं शरीर काळ्या पट्टीखाली झाकलेलं असे आणि नावाच्या जागी फक्त क्रमांक. या आंधळेपणाचा बारक्याला फार अभिमान होता. ‘माझा सख्खा भाऊ समोर आला तरी मी ओळखणार नाही,’ असं तो नव्या लोकांना सांगे. सख्खा भाऊ त्याला नव्हताच. बहीण होती.

आणि तिला या अभ्यासात त्यानेच ओढलं होतं. साठीच्या धडधाकट बायका मिळत नव्हत्या. ताई बासष्टची, कधी दवाखान्याची पायरी न चढलेली. चार आठवड्यांपूर्वी ती जाऊन चित्र काढून आली आणि त्या रविवारी तिने विचारलं होतं, “काय रे, कसा आला माझा फोटो?”

“मला कळत नसतं ते,” बारक्या ऐटीत म्हणाला होता. “आणि काही असतं तर कळवलं असतं.”

आज मात्र चरबी मोजायची म्हणून काळी पट्टी काढणं भाग होतं. पहिलं चित्र उघडलं. तो डोक्यापासून खाली सरकत पोटाकडे चालला होता, आणि डाव्या खांद्यापाशी एक पांढरी ठिणगी दिसली, चारी बाजूंनी काटे फुटलेली. शरीरात धातू असला की चित्रात असे काटे येतात. बारक्याला आधी रागच आला. अर्जात स्वच्छ विचारलेलं असतं, शरीरात धातूची वस्तू आहे का, आणि लोक बेधडक ‘नाही’ लिहून मोकळे होतात. त्याने ठिणगी मोठी करून पाहिली. गळपट्टीच्या हाडाच्या टोकाशी, मसुरीच्या डाळीएवढा, एका बाजूने चपटा झालेला छर्रा होता.

हा छर्रा त्याच्या ओळखीचा होता.

तो नऊ वर्षांचा होता, ताई तेरा. शेजारच्यांची छऱ्यांची बंदूक तो न विचारता घेऊन आला होता आणि परसात डब्यावर नेम धरत होता. ताई वाळत घातलेल्या चादरीमागून अचानक पुढे आली. रक्त फार आलं नाही. ती खाली बसली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि घरात जाऊन आईला म्हणाली, “कुंपणाच्या तारेवर पडले.” आईने हळद दाबली, जखम भरली, छर्रा आत राहिला. वडिलांचा मार वाचला. जगात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, आणि दोघांनी ती पुन्हा काढली नव्हती.

बारक्या पोटाकडे गेलाच नाही. त्याने नजर उजवीकडे, छातीत आणली. हृदयातून निघणारी मोठी धमनी, तिच्या दोन्ही हातांकडे जाणाऱ्या फांद्या, गळ्यातून वर चढणाऱ्या दोन, सगळ्या विजेच्या शेगडीच्या तारांसारख्या तापून लाल दिसत होत्या. त्याखाली शेऱ्याची चौकट होती. ‘वजनाची नोंद चुकीची. वाचन थांबवले.’ तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. सही त्याचीच.

हे कसं झालं ते सांगायला हवं. उजळपणाचा आकडा काढताना संगणक माणसाचं वजन धरतो. वजन दुप्पट पडलं तर आकडाही दुप्पट फुगतो. सहा महिन्यांमागे तपासणीच्या खोलीत आलेला नवा वजनकाटा आठवडाभर पौंडांत वजन दाखवत होता आणि कुणाच्या बापाला पत्ता नव्हता. ती भानगड बारक्याने पकडली. अभ्यासाच्या प्रमुख मॅडमनी भर बैठकीत त्याचं नाव घेतलं आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेव्हापासून फुगलेला आकडा दिसला की त्याला दुसरं काही सुचेना, वजनकाटाच दिसे. धडधाकट माणसांच्या गटात इतका मोठा आकडा? वजन चुकलं. टाक ढिगात. ढिगातलं चित्र पुढे तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जात नसे.

खरं तर खात्री करायची सोपी रीत होती आणि ती त्यानेच चार जणांना शिकवली होती. धमनीचा आकडा घ्यायचा, शेजारच्या शिरेतल्या रक्ताचा आकडा घ्यायचा, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. वजन चुकलेलं असेल तर दोन्ही आकडे सारखेच फुगतात आणि भागाकार जिथल्या तिथे राहतो. शिरेची पाळी धमनीनंतर येते. या चित्रात तो शिरेपर्यंत गेलाच नव्हता.

आता गेला. धमनी पाच पूर्णांक एक. शीर एक पूर्णांक चार. साडेतीनच्या वर. बाकीच्या धडधाकट माणसांचा भागाकार दीड-पावणेदोनच्या पुढे जात नसे. वजन बरोबर होतं. वजनकाटाही बरोबर होता.

मग त्याला गेला रविवार आठवला. ताई म्हणाली होती, महिनाभर डोकं दुखतंय, कंगवा फिरवला तरी टाळू दुखते. जेवताना मध्येच थांबून तिने जबडा चोळला होता. “चावून चावून दमायला होतं,” ती हसत म्हणाली होती, “म्हातारपण दुसरं काय.” तो म्हणाला, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, “तुमच्या मशीनने पास केलंय ना मला?” आणि त्याने मान डोलावली होती. वीस वर्षं या खात्यात काढलेल्या माणसाने. डोकं, टाळू, जबडा आणि तापलेल्या धमन्या, या चार गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टर धावत सुटतात, कारण हीच सूज डोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक धमनीत शिरली की डोळा जातो. एक गेला की दुसराही, कधी कधी आठवड्याभरात. आणि ताई रफूचं काम करत होती. फाटलेल्या कोटाला असं रफू घाली की मालकालाही भोक कुठे होतं ते सापडत नसे. तिचं सगळं घर त्या दोन डोळ्यांवर चाललेलं.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

“बोल पटकन. दोन वाजता कोट द्यायचाय.”

“ताई, डोळ्यांना काही होतंय का?”

“तुला कुणी सांगितलं?”

“काय झालं ते सांग.”

“अरे काही नाही. सकाळी डाव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं. पाच-दहा मिनिटं. मग गेलं आपोआप. नंबर वाढला असेल, संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात जाते.”

“संध्याकाळी नाही. आत्ता सगळं टाक आणि आमच्या संस्थेच्या इस्पितळात ये.”

“वेड लागलंय का तुला? आणि तूच म्हणालास ना, काही असतं तर कळवलं असतं. थांब, गिऱ्हाईक आलंय.” फोन बंद झाला.

बारक्या उठला आणि परत बसला. पडद्यावर शेऱ्याची चौकट अजून उघडी होती. ढिगातले शेरे मोजणाऱ्याला बदलता येत. तो पुसला असता तर चित्र आज पहिल्यांदाच वाचलं, आज पहिल्यांदाच कळलं, असं म्हणता आलं असतं. वरून शाबासकी मिळाली असती. या विचारात त्याचं अर्धं मिनिट गेलं, आणि त्या अर्ध्या मिनिटाची लाज त्याला पुढे कितीतरी दिवस पुरली. चौकट तशीच ठेवून तो जिना चढला.

मॅडम वरच्या मजल्यावर बसत. कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याचा घसा कोरडा पाडणाऱ्या. त्या काहीतरी लिहीत होत्या.

“मॅडम, मला एक चित्र ओळखू आलंय.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. या वाक्याचा अर्थ दोघांनाही माहीत होता. चित्र ओळखू आलं की मोजणारा अभ्यासातून बाहेर, आणि त्याने आधी मोजलेल्या सगळ्यावर प्रश्नचिन्ह. “कुणाचं?”

“माझ्या थोरल्या बहिणीचं. तिच्या खांद्यात छर्रा आहे. मीच मारलेला. मोठ्या धमन्या सगळ्या पेटल्यात, भागाकार साडेतीनच्या वर. महिनाभर डोकं दुखतंय, टाळू दुखते, चावताना जबडा दमतो. आज सकाळी डाव्या डोळ्यापुढे दहा मिनिटं अंधार आला.”

शेवटचं वाक्य पुरं होण्याआधी मॅडम उठल्या होत्या. लोखंडी कपाटातून त्यांनी त्याने सांगितलेल्या क्रमांकाचं बंद पाकीट काढलं, कडेने फाडलं, आतला कागद पाहिला आणि त्याच्यापुढे धरला. नाव ताईचंच होतं. अजूनही कुणा दुसऱ्याचं निघेल अशी एक वेडी आशा त्याला होती, ती तिथे संपली.

“चार आठवड्यांपूर्वीचं चित्र,” मॅडम तारीख वाचत म्हणाल्या. “माझ्यापर्यंत का आलं नाही?”

“मी तीन आठवड्यांपूर्वी उघडलं आणि वजन चुकलंय म्हणून ढिगात टाकलं. शिरेचा आकडा काढलाच नाही.”

मॅडम फोन उचलून इस्पितळातल्या डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलल्या. “तिला आणा,” त्या म्हणाल्या. “औषध आधी सुरू करतील, तपासण्या मागाहून. तुमच्याशी मी नंतर बोलेन.”

टॅक्सी पुलाखाली अडकली. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता आणि सगळे हॉर्न वाजवत होते, जणू त्याने ट्रक चालू होणार होता. बारक्याने पाच मिनिटं कळ काढली, मग पैसे सीटवर टाकून उतरला आणि पळत सुटला. नव्वद किलोंचा, बिल्ला गळ्यात हेलकावत असलेला माणूस भर दुपारी पळताना पाहून लोक बाजूला होत होते. ताईचा फोन आता लागतच नव्हता.

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर तिची खोली. दार उघडंच होतं. ताई खिडकीत उजेडाकडे तोंड करून बसली होती, मांडीवर काळा कोट, उजव्या हातात सुई. डाव्या तळहाताने तिने डावा डोळा झाकलेला होता.

“हात का लावलाय डोळ्याला?”

“आलास का धापा टाकत? बस, पाणी पी.” तिने मान वळवली नाही. “झाकला की नीट दिसतं. उघडा ठेवला की अर्धं काळं दिसतं आणि टाका चुकतो.”

“कधीपासून?”

“झाला असेल अर्धा तास. मघासारखं जाईल.”

“ताई, ऊठ.”

“दहा टाके राहिलेत रे. लग्नाला घालायचाय तो कोट त्यांना.”

बारक्याने कोट तिच्या मांडीवरून ओढून घेतला. सुई दोऱ्याला लोंबकळत राहिली. ताईच्या कामाला हात लावायची हिंमत त्याने जन्मात केली नव्हती, आणि तीही इतकी थक्क झाली की रागवायचं विसरली.

“तुझ्या खांद्यातला छर्रा पाहिला मी आज,” तो म्हणाला. “तुझं चित्र माझ्याकडेच आलं होतं. तीन आठवडे माझ्याकडे पडून होतं. तुझ्या धमन्या सुजल्यात, डोळा जातोय तो त्याने. मशीनने तुला पास केलं नव्हतं. मी चुकलो. आता चल, नाहीतर दुसराही जाईल.”

ताईने हात डोळ्यावरून काढला. त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे पाहायचा प्रयत्न केला. मान जरा तिरकी करून, उजव्या डोळ्याने. परसात खाली बसून तिने पाहिलं होतं तसंच.

“चप्पल कुठेय माझी, बघ,” ती म्हणाली.

जाताना टॅक्सी कुठे अडली नाही. सव्वा वाजता तिच्या शिरेत स्टेरॉइडची बाटली लागली. डॉक्टर तरुण होते, नीट बोलत होते. त्यांनी डाव्या डोळ्यासमोर बोटं धरली. वरची ताईला मोजता आली. खाली आणली तेव्हा ती म्हणाली, “काढली का बोटं?” डॉक्टरांनी ती काढलेली नव्हती.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी त्याला सांगितलं. डाव्या डोळ्याची खालची बाजू गेली, ती बहुधा परत येणार नाही. उजवा आज शाबूत आहे. औषध वेळेत पोचलं असेल तर तो राहील, पहिले दोन-तीन दिवस जपायचे. “दोन आठवडे आधी आल्या असत्या तर गोळ्यांवर भागलं असतं,” ते म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, म्हणून ते सहज बोलून गेले.

बारक्या आत गेला आणि हे सगळं जसंच्या तसं ताईला सांगितलं. दोन आठवड्यांचं वाक्यही गाळलं नाही. तिने ऐकून घेतलं. बराच वेळ छताकडे पाहत होती, एकदा एक डोळा मिटून, एकदा दुसरा.

“खूप राग आलाय मला तुझा,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“उगाच हो म्हणू नकोस. खरंच आलाय. तेव्हा नव्हता आला. तेव्हा तू लहान होतास.”

त्याने तिचा पाय पांघरुणावरूनच धरला आणि तसाच बसून राहिला. ताई रडली नाही, तोच रडला, आणि ताईने त्याला गप्प केलं नाही. बाटली अर्धी उतरली तेव्हा तिने विचारलं, “तो ढीग म्हणालास. त्यात मी एकटीच होते?”

“बारा होते. तुझ्याशिवाय अकरा.”

“त्यांचं वजन बरोबर होतं?”

बारक्याने एकही तपासलेलं नव्हतं. सकाळपासून ते अकरा त्याच्या मनातही आले नव्हते.

“त्यांना कुणी छर्रा मारला नसेल,” ताई म्हणाली. “तू इथे बसून काय करतोयस?”

साडेतीनला तो संस्थेत परतला. मॅडम त्याच्याच खुर्चीमागे उभ्या होत्या, जणू तो येणार हे ठरलेलं होतं. अभ्यासातून तो आता बाहेर होता. त्याचे आकडे कुठे धरले जाणार नव्हते, पण शिरेवर गोल काढायला त्याच्याइतका सराव कुणाला नव्हता. त्याने ढीग उघडला आणि काळी पट्टी काढून टाकली.

प्रत्येक चित्रात तो आधी खांदा पाहत होता, मग हाडं, मग दात. ओळखीचं काही सापडेना. सगळी परकी माणसं, नुसते क्रमांक. धमनी, शीर, भागाकार. दीड. एक पूर्णांक सहा. वजनच चुकलेलं. पुढचं. पुन्हा दीड. पुढचं. कुठल्याशा टेबलावर फोन वाजून थांबला आणि बारक्याने वळून पाहिलं, पण तो इस्पितळाचा नव्हता.

सातव्या चित्रात धमनी चार पूर्णांक सहा आली. त्याने शिरेवर गोल काढला, एकदा, मग खात्रीसाठी पुन्हा. एक पूर्णांक पाच. भागायला संगणक लागला नाही.

त्याने क्रमांक कागदावर उतरवला आणि मागे न वळता मॅडमपुढे धरला.

“आणखी एक पाकीट उघडावं लागेल,” तो म्हणाला. “आणि फोन मी करतो.”